पाइपांना मीटर लागले, पण मासे कोण मोजणार?

जुलै 2025 मध्ये सर जॉन कन्लिफ यांच्या आयोगाने इथल्या पाणी कंपन्यांवरचा अहवाल दिला. ऑफवॉट ही नियामक संस्था बंद करणार, असं सरकारने लगेच सांगून टाकलं. तिचं काम, पिण्याच्या पाण्याची तपासणी आणि एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची पाण्यावरची देखरेख हे सगळं एका नव्या नियामकाकडे द्यायचं ठरलं. घराघरांत चर्चा झाली ती बिल किती वाढणार याची. ती व्हायलाच हवी. पण ट्रेंट नदीच्या काठी, नॉटिंगहॅममध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारायला हवी. या उलथापालथीत नदीतल्या माशांची नोंद ठेवण्याचं काम मागे तर पडणार नाही ना?

कारण सध्या सगळा भर मीटरवर आहे. 2023 च्या अखेरीस इंग्लंडमधल्या सगळ्या सांडपाण्याच्या ओव्हरफ्लोंवर यंत्रं बसली. 2024 मध्ये त्यांतून 36 लाखांहून जास्त तास सांडपाणी वाहिलं, हे त्या यंत्रांमुळेच कळलं. चांगलंच झालं. पण तोंड किती तास उघडं होतं एवढंच ते यंत्र सांगतं. पाणी किती गेलं, त्यात काय होतं आणि नदीचं काय झालं, हे सांगत नाही. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं. सलाईन किती तास चाललं हे चार्टवर लिहितातच, पण पेशंट कसा आहे ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी नाडी बघावी लागते.

नदीची नाडी म्हणजे मासे. ऑक्टोबर 2009 मध्ये स्टोकजवळच्या सांडपाणी केंद्रात सायनाइड शिरलं. अशा केंद्रात घाण खाऊन पाणी साफ करणारे जिवाणूच असतात. ते मेले आणि सायनाइडबरोबर कच्चं सांडपाणीही ट्रेंटमध्ये उतरलं. हजारो मासे मेले. आधी तिथे कोणते मासे होते, केवढे होते, याची नोंद असेल तरच नुकसान किती झालं आणि नदी सावरली का, हे ठरवता येतं. पेशंट आधी कसा होता हेच माहीत नसेल तर बरा झाला असं कशावरून म्हणायचं?

ही मोजणी कशी होते तेही ऐका. उथळ पाण्यात सौम्य वीजप्रवाह सोडून मासे थोडा वेळ गुंग करतात, मापतात, दोन-चार खवले काढून घेतात आणि मासा परत सोडतात. मोठ्या नदीत बोटीवरून ध्वनिलहरींनी अंदाज घेतात. आपण बेने इस्राएल लोक मासळी घेताना खवले आहेत का ते आधी बघतो. हे लोक तेच खवले सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, हिवाळ्यात जवळजवळ थांबतो, त्यामुळे झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उठतात. त्यावरून वय कळतं. रोच किंवा चब दहा वर्षांचे भरपूर आहेत, पण दोन-तीन वर्षांचे नाहीतच, असं दिसलं तर त्या वर्षांची पिल्लं जगली नाहीत हे उघड होतं. असं कुठलं मीटर सांगणार?

आपल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये कॅल्व्हर्टनला एजन्सीचं मत्स्यपालन केंद्र आहे. रोच, बार्बेल, डेस, टेंच वगैरे तिथे वाढवून नद्यांत सोडतात. वाहत्या पाण्यात पोहण्याचा सराव करून घेऊन मग सोडतात, हे मला फार आवडतं. याला मोठा हातभार लागतो तो गळ टाकणाऱ्यांच्या लायसन्स फीचा. (तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. 15 मार्च ते 15 जून नदीत रोच-बार्बेलसारख्या माशांना गळ टाकायला बंदी असते, आणि ईल सापडली तर ती सोडूनच द्यायची.) पण नदी घाण करणारा एक आणि मासे भरून द्यायला पैसे देणारा दुसरा, हे मला न्यायाचं वाटत नाही.

मासे सोडण्याचा फोटो छान येतो. आपल्याकडे उजनी धरणातही मत्स्यबीज सोडतात, बातमी छापून येते. पण वरून भीमेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं, बारीक जाळ्यांत बोटुकली वाढायच्या आधीच अडकते, आणि जाळ्यात मिळते ती बहुतेक चिलापी. बीज किती सोडलं यापेक्षा दोन वर्षांनी त्यातलं किती उरलं, ते विचारा.

पाणी साफ असलं तरी वाट मोकळी हवी. 1947 च्या पुरानंतर कॉल्विकला होल्म स्लूसेसचे दरवाजे बांधले. पुरापासून घरं वाचतात, पण खालून येणारे सॅमन आणि ईल अडतात. ईल तर पार सार्गासो समुद्रात जन्मते. तिथून आलेलं पोर कॉल्विकच्या दाराशी अडावं! म्हणून आता दरवाजांच्या बाजूने माशांसाठी वेगळा मार्ग करण्याचं काम एजन्सीने हाती घेतलं. त्याचा उपयोग झाला की नाही, हेही वरच्या अंगाला मासे मोजूनच समजेल.

म्हणून आपल्या खासदाराला पत्र लिहाल तेव्हा बिलाबरोबर एवढं विचारा: नव्या व्यवस्थेत माशांची पाहणी कोण करणार, किती ठिकाणी, किती वर्षांनी, आणि त्याचे आकडे लोकांना दिसणार का? जुन्याच जागी, त्याच पद्धतीने पाहणी चालू राहील का, हेही विचारा. जागा बदलली की मागच्या आकड्यांशी तुलना करणं अवघड होतं.

आणि नदीकाठी फिरताना मेलेले मासे दिसले, किंवा मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकताना दिसले, तर एजन्सीचा चोवीस तास चालणारा नंबर 0800 80 70 60 आहे. जागा नीट सांगा, पाण्याला हात लावू नका.