तिसाव्या किलोमीटरला कॅश संपते

"धंदा म्हणजे मॅरेथॉन" हे वाक्य तुम्ही आम्हा ट्रेनर मंडळींकडून शंभर वेळा ऐकलं असेल. मीही स्टेजवरून फेकलंय. पण म्हणणाऱ्याला एकदा विचारा, बाबा, तिसाव्या किलोमीटरनंतर काय होतं?

पहिल्यांदा ४२.१९५ किलोमीटर पळणारा माणूस चार-पाच महिने तयारी करतो. गंमत म्हणजे त्यात पूर्ण अंतर तो सहसा एकदाही पळत नाही. सरावातली सगळ्यात लांब दौड साधारण ३० ते ३२ किलोमीटरची. पुढचं थेट शर्यतीच्या दिवशी! आणि नेमकं तिथेच अनेकांचं इंजिन बंद पडतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपत आलेली असते. चरबी असते हो, सडपातळ माणसाच्याही अंगावर भरपूर असते. पण तिच्यातून शक्ती सावकाश सुटते, वेगाला पुरत नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये तर पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, याच टप्प्यात लागतो.

आता आपल्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावात या. घोड नदीकाठचा ऊसपट्टा. समजा, तुम्ही इथे खत-औषधांचं दुकान टाकलंय. लागवडीला खत दिलं, बांधणीला दिलं, सगळं वहीवर. ऊस तुटायला वर्ष, आडसाली असेल तर दीड वर्ष, मग कारखान्याचं बिल. वहीत लाखोंचं येणं, नावावर जमीन, घरात सोनं. चरबीच चरबी! पण होलसेलरला द्यायला या महिन्यात पैसे नाहीत. नफ्यातलं दुकान असं बंद पडतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी जिद्दीचे व्हिडिओ कमी बघा (माझेसुद्धा). पहिली मॅरेथॉन पूर्ण करणारा शहाणा माणूस सुरुवातीला मुद्दाम हळू पळतो. लोक पुढे जातात, जाऊ देतो. अपमान वाटतो, तो गिळतो. आणि दम संपायची वाट न बघता पहिल्या तासापासूनच थोडं थोडं गोड पोटात ढकलत राहतो.

शेजारचा दुकानदार वाटेल तेवढी उधारी देतोय? देऊ द्या. तुम्ही प्रत्येक खेपेला थोडी तरी रोख घ्या. गिऱ्हाईक तुटेल? काही तुटतील. भावकीतल्या माणसाला नाही म्हणणं तर पेडर रोडपेक्षा अवघड, मान्य.

तरी आज रात्री वही काढा. सहा महिने एक रुपयाही वसूल होणार नाही असं धरा आणि होलसेलरची देणी महिन्यावार लिहा. ज्या महिन्यात गल्ला रिकामा होतो, त्यावर लाल पेनाने गोल करा.