उंबरठा कुणाच्या रक्ताचा?

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तातील ट्रोपोनिन पाहून डॉक्टरांना निदानाचा भक्कम आधार मिळतो. पक्षाघाताच्या झटक्यात असा सर्वमान्य जैवसूचक, म्हणजेच बायोमार्कर, अद्याप हाती नाही. तिथे पहिलाच प्रश्न पेचाचा: मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की फुटली? लक्षणे बरीचशी सारखी. उपचार मात्र परस्परविरुद्ध. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेच रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर जिवावर बेतू शकते. म्हणून सीटी स्कॅन आधी. आणि ग्रामीण भारतात तेच यंत्र अनेकदा फार दूर असते.

आसामात दिब्रुगड येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सीटी यंत्र बसवलेले वाहनच रुग्णापर्यंत नेले. उपक्रम स्तुत्य आहे. पण असे वाहन प्रत्येक तालुक्याला कसे पुरवणार? म्हणूनच ‘जीएफएपी’ या प्रथिनाकडे संशोधकांचे लक्ष आहे. ते मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींत असते. रक्तस्रावात या पेशी झपाट्याने फुटतात व ते लवकर रक्तात उतरते. गुठळीमुळे पेशी सावकाश मरतात, म्हणून त्याची पातळी कित्येक तासांनी चढते. सुरुवातीच्या तासांतील हा फरक हेच या चाचणीचे बळ.

परंतु मी भौतिकशास्त्राचा अभ्यासक. कोणतेही मापन दिसले की आधी त्यातील चूक शोधतो. समजा, चाचणी दहापैकी नऊ रक्तस्राव ओळखते. हजार रुग्णांत दीडशे रक्तस्रावाचे असतील, तर पंधरा निसटतील. तीनशे असतील, तर तीस. चाचणी तीच, धोका दुप्पट. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय रुग्णांत रक्तस्रावाचे प्रमाण अधिक आढळते. शिवाय आपले रुग्ण उशिरा पोहोचतात, तोवर दोन्ही प्रकारांतील फरक पुसट होऊ लागतो. मग युरोपातील रुग्णांवर ठरवलेली उंबरठा-पातळी आपण डोळे झाकून कशी स्वीकारावी?

माझे मत स्पष्ट आहे. या चाचणीच्या भरवशावर औषध देऊ नये. रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यावे, हे ठरवण्यासाठी तिचा उपयोग व्हावा. आणि त्याआधी तिची पारख आपल्याच जिल्हा रुग्णालयांत, आपल्याच रुग्णांवर व्हावी. संच आयात करता येतो. उंबरठा मात्र इथेच मोजावा लागतो. विद्यार्थी मित्रांनो, हे काम प्रसिद्धी देणारे नसेल, पण जीव वाचवणारे नक्कीच आहे.