लायब्ररी रिकामी दिसतेय? डिस्क फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, जुनी गाणी असा ऐवज आता अनेक घरांत राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर किंवा ‘नॅस’वर असतो. प्लेक्स, जेलीफिन, कोडी ही ॲप्स तो टीव्हीवर दाखवतात. एक दिवस लायब्ररी रिकामी दिसते आणि धाबे दणाणते. बहुतेक वेळा फाइल्स जागेवरच असतात, फक्त ॲपला त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

आधी काय तपासायचे?

ज्या कॉम्प्युटरवर ॲपचा सर्व्हर चालतो, त्यावर ते फोल्डर थेट उघडून पाहा. उघडत नसेल, तर दोष नेटवर्कचा किंवा ड्राइव्हचा. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की ड्राइव्हचा आयपी ॲड्रेस बदलू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो कायमचा राखून ठेवा.

फोल्डर उघडते, पण ॲपला दिसत नाही?

विंडोजमध्ये ‘झेड’सारखे अक्षर दिलेला नेटवर्क ड्राइव्ह फक्त त्या लॉगिनपुरता असतो. पार्श्वभूमीवर सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या सर्व्हरला तो दिसत नाही. तिथे ड्राइव्हच्या नावासह पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. फोल्डर वाचण्याची परवानगीही तपासा.

अपडेटनंतर बंद पडले?

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डविना ‘गेस्ट’ प्रवेश मुळातच बंद आहे. नॅसवर युजरनेम-पासवर्ड तयार करा. काही जण जुने ‘एसएमबी १’ सुरू करायला सांगतात. तो मोह टाळा. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ला याच एसएमबी १ मधील त्रुटीतून पसरला होता.

काय करू नये?

नॅसमधली डिस्क काढून विंडोजला जोडू नका. तिची लिनक्स रचना विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते ‘फॉरमॅट करा’ असे सुचवते. ‘हो’ म्हटले, की खरे नुकसान तिथे होते. प्लेक्समधील स्कॅननंतर ट्रॅश आपोआप रिकामा करण्याचा पर्यायही बंद ठेवा.

‘ड्राइव्ह सापडत नाही’ एवढे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी ॲप बनवणाऱ्यांची आहे. रिकामा पडदा दाखवणे हे उत्तर नव्हे. आपली जबाबदारी बॅकअपची. दोन डिस्कची ‘रेड’ रचना म्हणजे बॅकअप नाही. एकीवर पुसलेले दुसरीवरही पुसले जाते. घरातल्या आठवणींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवा.