बॅटरी बदलण्यापूर्वी

जुनी मारुती ८०० सकाळी नुसता 'टक्' आवाज करून थांबली, की बरेच जण थेट नव्या बॅटरीचा खर्च मान्य करतात. हिशेबी माणसाने आधी मल्टिमीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले आणि स्टार्टर फिरवतानाही आकडा फारसा ढळला नाही, तर बॅटरीवर आळ घेऊ नये; टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट क्षार पाहावा. हातातील अंगठी, कडे उतरवून ऋण तार प्रथम सोडावी. बॅटरीची झाकणे घट्ट ठेवून सोडा घातलेल्या कोमट पाण्याने क्षार धुवावा. ऋण तार शेवटी जोडावी. इंजिन चालू असता आकडा साडेतेरावर चढत नसेल, तर दोष अल्टरनेटरचा वा त्याच्या सैल पट्ट्याचा असावा. तेथे नवी बॅटरीही उतरतच राहील.