‘फौजीला बुलेटच शोभते’ हे आता बंद करा

पोरगं रिक्रूट ट्रेनिंग पुरं करतं, कसम परेड होते आणि ते पहिल्या सुट्टीवर गावी येतं. हारतुरे होतात, आई दृष्ट काढते. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी काका विचारतात, “मग, बुलेट कधी काढतोस?”

गाडी चालवता येते का, लायसन काढलंस का, हे कुणी विचारत नाही. पोराने आजवर मित्राची स्कूटर चारदा फिरवलेली असते, तेवढीच. तरी पुढच्या सुट्टीपर्यंत कर्ज निघतं, नाहीतर कॅन्टीनचा फॉर्म भरला जातो, आणि १९५ किलोची गाडी दारात उभी राहते. हार गाडीला, पेढे गावाला. हेल्मेट शोरूमवाल्याने दिलेलं, तेही माळ्यावर.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. नवशिक्याची पहिली मोटारसायकल १०० ते १२५ सीसीची असावी, फार तर १५०-१६० ची. ३५० ची बुलेट किंवा ४०० च्या घरातली पळणारी गाडी ही दुसरी गाडी म्हणून जरूर घ्या. पहिली म्हणून ती चूक आहे. आणि या चुकीला पोरापेक्षा त्याला चढवणारी आपण मोठी माणसं जास्त जबाबदार आहोत.

हे मी बुलेटच्या वैराने लिहीत नाही. आपल्या सैन्याने गस्तीसाठी निवडलेली ही गाडी. २६ जानेवारीला सिग्नल्सच्या डेअरडेव्हिल्सचा मनोरा कर्तव्य पथावरून जातो तेव्हा माझीही छाती फुगते. पण त्या मनोऱ्यामागे किती सराव असतो ते आपण बघत नाही, फक्त गाडी बघतो. दोष गाडीत नाही, क्रमात आहे.

फौजेइतका क्रमाला मान दुसरीकडे कुठे आहे? खडकवासल्याला तीन वर्षं आम्ही सायकलवर होतो. वर्गाला सायकल, मैदानाला सायकल, आणि शिक्षा झाली की तीच सायकल खांद्यावर. घोडेस्वारीत पहिल्या दिवशी कुणालाही गॅलप दिला नाही. आधी चाल, मग ट्रॉट, मग कँटर. उड्या फार नंतर. शांत घोडा नवख्याला, तापट घोडा जाणत्याला. एनसीसीच्या पोरालासुद्धा आधी पॉइंट टू-टू रायफल देतात. ती रायफल कमी दर्जाची म्हणून नव्हे, तर धक्का कमी असला की श्वास, नेम आणि ट्रिगर यांच्याकडे लक्ष राहतं म्हणून.

हवाई दलाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. वर्षानुवर्षं नवे वैमानिक किरणसारख्या साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-२१ वर जात. मधली पायरीच नव्हती. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती दलात आली २००८ मध्ये. मधल्या २६ वर्षांत किती तरुण पोरं गेली, हे या ब्लॉगच्या माजी सैनिक वाचकांना मी सांगायची गरज नाही. पायरी गाळली की तिची किंमत कोण मोजतं, ते आपण पाहिलेलं आहे. तरी पुतण्याला शोरूममध्ये नेताना तीच पायरी आपण खुशाल गाळतो.

कायदा इथे मदतीला येत नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचं लायसन एकच. शिकाऊ लायसन काढा, ३० दिवस थांबा, आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढा, की ९७ सीसीपासून हजार सीसीपर्यंत सगळं मोकळं. युरोपात तसं नाही. तिथे १६ व्या वर्षापासून १२५ सीसी, १८ व्या वर्षापासून ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी, आणि त्यावर दोन वर्षं काढल्यावर मोठी. थेट मोठी हवी असेल तर साधारणपणे २४ वर्षांचं व्हावं लागतं. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर वेगळं लायसन. आपला कायदा पायऱ्या करत नाही, म्हणून त्या घराने आणि पलटणीने करायच्या.

कशासाठी, ते आकड्यांत बघा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले चालक आणि मागे बसलेले मिळून ५०,०२९. इतकी माणसं कुठल्या लढाईत गेली असती तर देश हादरला असता.

कमांड केलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा, सुट्टीवरच्या जवानाच्या अपघाताचा फोन त्याला ओळखीचा असतो. तो रात्रीच येतो. मग पोलीस ठाण्याचा नंबर शोधा, पंचनामा मागवा, कोर्ट ऑफ इन्क्वायरी लावा. सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं. सुट्टीत स्वतःच्या कामाने फिरताना झालेला अपघात सहसा सेवेशी निगडित धरला जात नाही, त्यामुळे पेन्शनच्या हिशोबात फरक पडतो, हे त्याच्या बायकोला किंवा बापाला समजावून सांगायचं. त्यात लायसन नसेल तर गाडीच्या मालकाला मिळणारं १५ लाखांचं अपघाती विमा संरक्षणही हातचं जातं. पारावरचे काका तेव्हा हजर नसतात.

आता गाडीचं गणित. हीरो स्प्लेंडरचं वजन साधारण ११२ किलो, ताकद ८ अश्वशक्तीच्या आसपास. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, ताकद २०. तुम्ही म्हणाल, २० म्हणजे काय मोठं? चालत्या गाडीवर कदाचित नाही. पण नवशिक्याची खरी परीक्षा ताशी १० किलोमीटरला असते. यू टर्न घेताना, चढावर क्लच सोडताना, बाजारात गायीमागे थांबताना. तिथे ८३ किलो जास्तीचं वजन एका पायावर येतं. गाडी एकदा कलली की ती सावरण्यातच सगळं लक्ष जातं, आणि समोरून येणारा ट्रॅक्टर दिसत नाही.

दुसरं ब्रेकचं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं, कारण ब्रेक लागला की वजन पुढे जातं. नवशिक्या नेमका मागचाच ब्रेक दाबतो, चाक घसरतं आणि गाडी आडवी होते. पुढचा ब्रेक हळूहळू पिळत जाणं हे हाताला शिकवावं लागतं, आणि ते शेकडो वेळा करूनच येतं. वेग ४० चा ८० झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. तुम्ही एक सेकंद गोंधळलात, तर ब्रेक लागण्याआधीच १७ मीटर संपले. चुका सगळ्यांच्या होतात. लहान गाडीवर त्या कमी वेगात, कमी वजनाने होतात आणि बऱ्याचदा गुडघा खरचटण्यावर निभावतं.

यावर नेहमीची उत्तरं येतात. एकेक घेतो.

“आम्ही बुलेटवरच शिकलो.” मान्य आहे, काका. पण तुम्ही पलटणीत डीआर होतात. एमटीच्या मैदानावर उस्तादाच्या नजरेखाली शिकलात आणि मगच रस्त्यावर गेलात. तेव्हाच्या बुलेटला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात आणि किक मारताना घाम. ती गाडी माणसाला घाई करूच देत नव्हती. रस्तेही रिकामे होते. आजच्या पोराला उस्ताद नाही, मैदान नाही, आणि बटण दाबलं की गाडी चालू.

“जड गाडी रस्त्याला धरून चालते.” सरळ हायवेवर, जाणत्याच्या हातात. कोल्हापूर-सांगलीकडे हंगामात रात्री मागचा दिवा नसलेला उसाचा ट्रॉलर अचानक समोर येतो, तेव्हा जड गाडी धरून चालत नाही, धरून नेते.

“आज लहान, उद्या मोठी, म्हणजे दोनदा खर्च.” उलट आहे. एका क्लासिकच्या पैशात दोन स्प्लेंडर येतात. एकच घ्या. उरलेल्यातून आयएसआयचं चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि पूर्ण विमा घ्या, तरी पैसे उरतील. दोन वर्षांनी ती गाडी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

“डोंगरात जायला मोठीच लागते.” सध्या मी तेजपूरच्या बाजूला आहे. तवांगला जाणारे स्वार इथून भालुकपाँगला परमिट दाखवून वर चढतात. एमएच पासिंगची गाडी दिसली की मी थांबून बोलतो. बोमदिलाचं धुकं आणि सेलाकडचा ओला, गोठलेला रस्ता सीसी विचारत नाही. तो क्लच, ब्रेक आणि नजर विचारतो. त्याच रस्त्यावर इथली माणसं शंभर सीसीच्या गाडीवर मागे पोतं बांधून रोज ये-जा करतात.

मग निवड कशी करायची? बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. गाडी बंद करून चढावर मागे ढकलता आली पाहिजे, आडवी पडली तर एकट्याने उभी करता आली पाहिजे. हे तिन्ही शोरूमच्या दारातच करून बघा, लाजू नका. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. खिशाला झेपत असेल तर तेवढ्यासाठी १५०-१६० पर्यंत जायला माझी हरकत नाही. आपली बदली दर दोन-तीन वर्षांनी होते, तेव्हा जिचा मेकॅनिक देशातल्या कुठल्याही तालुक्याला सापडेल अशीच गाडी घ्या. नवी घेत असाल तर २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच सीरिजची चौकशी करा. सेनादलांना ती मिळते आणि राज्य बदललं की एनओसीसाठी होणारी धावपळ वाचते. जुनी घेत असाल तर आरसी आणि विमा आधी, रंग नंतर.

गाडी आली की पहिले पंधरा दिवस गावाबाहेरच्या मैदानावर. ताशी २०, मग ३०, मग ४० ला दोन्ही ब्रेकने थांबायचं, चाक न घसरू देता. रोज वीस वेळा. मग दिवसाचा रस्ता, मग पाऊस, मग रात्र. मागे माणूस सगळ्यात शेवटी. याला रगडा म्हणा हवं तर. रगड्याने कुणी मेलेलं नाही.

आणि युनिटमधल्या माझ्या बरोबरीच्यांना एक सांगणं. गेटवर हेल्मेट नसलेल्याला आपण आत सोडत नाही, हे बरोबरच आहे. पण त्याचं हेल्मेट गेटापुरतंच राहतं. सुट्टीचा पास देताना एक मिनिट काढा आणि विचारा : गाडी कुठली, लायसन कधीचं, रात्री चालवणार का? पोराला वाटेल साहेब फार चौकशी करतात. वाटू दे.

माजी सैनिक बंधूंनो, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. सुभेदार साहेब म्हणाले म्हटल्यावर पोरगं ऐकतं. या सुट्टीत एखादा जवान शंभर सीसीची गाडी घेऊन आला, तर “फौजी असून हे काय?” म्हणू नका. त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि चारचौघांत सांगा, की शहाणा आहेस, बरोबर क्रमाने चाललायस. बुलेट कुठे पळून जात नाही, दोन वर्षांनी ती घ्यायला पोरगं मात्र असलं पाहिजे.