नाडीचे बूट की बिननाडीचे?

दहावीनंतर आपल्या शाळेतली बरीच मुले आयटीआयला जातात. कोणी वेल्डर होतो, कोणी फिटर, कोणी वायरमन. काही जण शिकता शिकताच मामाच्या नाहीतर चाचांच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागतात. पहिल्या दिवशी हातात हातोडी येते, पाना येतो. पायांकडे मात्र कोणी पाहत नाही. मुलगा चपला घालूनच उभा राहतो.

कामाच्या बुटात बोटांवर पोलादी टोपी असते. भारतीय मानकाप्रमाणे तिने 200 ज्यूल ऊर्जेचा आघात सोसला पाहिजे. ज्यूल तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकता, तेव्हा हिशेब करून पाहा. 20 किलोचे वजन 1 मीटर उंचीवरून पडले तर जवळजवळ एवढाच आघात होतो. तो चपलेतल्या बोटांवर झाला तर काय होईल?

हे बूट दोन प्रकारचे मिळतात. एक नाडीचे आणि दुसरे नुसता पाय सरकवून घालायचे. दुसऱ्या प्रकारात बहुधा दोन्ही बाजूंना इलॅस्टिकची पट्टी असते.

वेल्डिंग करणाऱ्याने बिननाडीचेच बूट घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिणग्या नाडीच्या फटींत अडकतात आणि नाडी जळते. तापलेल्या धातूचा थेंब बुटात गेला, तर बूट त्याच क्षणी काढता आला पाहिजे. तेव्हा गाठ सोडत कोण बसणार? ओतकामाच्या कारखान्यात, जेथे वितळलेले लोखंड साच्यात ओततात, तेथे तर नाडी नकोच. पँटही बुटावरून खाली सोडावी, बुटात खोचू नये.

इमारतीच्या कामावर गोष्ट उलटी होते. तेथे शिडी असते, परांची असते, पायाखाली खडी आणि चिखल असतो. बिननाडीचा बूट चिखलात रुतला की पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. नाडी आवळली की घोट्याला आधार मिळतो. मात्र तिची टोके लोंबू देऊ नयेत, आत खोचावीत.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जोहर आणि असरच्या वेळी वजूसाठी बूट काढावेच लागतात. घाईत पुन्हा नाडी बांधायचा कंटाळा येतो. मग मुले बुटाची टाच चेपून त्याची सपाता करतात आणि तसेच फटक फटक करीत मशीनपाशी जातात! असा बूट चपलेपेक्षाही वाईट, कारण त्यात पाय अडखळतो. ज्याला हा कंटाळा येतो आणि ज्याचे काम सपाट फरशीवर आहे, त्याने बिननाडीचे बूट घेणे बरे. वजूनंतर पाय कोरडे करून मोजे घालावेत.

पण बिननाडीच्या बुटाचे माप अचूक हवे. सैल झाला तर तो आवळता येत नाही. काही कंत्राटदार सर्वांसाठी एकाच मापाचे बूट आणतात. तसे असेल तर नाडीचा बूट मागावा. मुलींनो, तुमच्यापैकीही काही जणी आता या कामांत शिरत आहेत. तुम्ही आपल्या मापाचा बूट हट्टाने मागून घ्या. बुटांचा खर्च मालकाने करावा, शिकाऊ मुलाच्या पहिल्या पगारातून तो कापणे मला मुळीच पटत नाही.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडे फुगलेले असतात. कामाचे जाड मोजे बरोबर न्यावेत, दोन्ही बूट घालून दुकानात चालून पाहावे आणि टाच वर उचलली जात असेल तर तो जोड परत करावा.