पहिली तपासणी, पहिली नोंद

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचार प्रकरणात लहानग्या मुलीला काय होते आहे, हे कळण्यासाठी पालक आधी डॉक्टरकडे गेले. पोलीस ठाणे त्यानंतर आले आणि गुन्हा नोंदवायला तेथे तासन्‌तास लागले. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीतही हाच क्रम असतो. लघवीला जळजळ, पोटदुखी, शाळेत जायला नकार अशी तक्रार घेऊन आई जवळचाच दवाखाना गाठते.

अशा वेळी कायदा डॉक्टरकडून पुरावा सिद्ध करण्याची अपेक्षा ठेवत नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचे कळले किंवा तो घडण्याची शंका आली, तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध न कळवल्याबद्दल नोंदलेला गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. ‘कुटुंबाची अब्रू’ किंवा ‘आपले नेहमीचे पेशंट’ ही कारणे कायद्यापुढे टिकत नाहीत, टिकूही नयेत.

तपासणी गुन्हा नोंदण्याआधीही करता येते. तातडीच्या उपचारासाठी पोलिसांचे पत्र मागण्यास पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच, आईवडिलांच्या किंवा मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत करायची असते.

सर्वांत मोलाची असते ती केसपेपरवरील नोंद. ‘दादाने शूच्या जागी बोट लावलं’ असे मूल म्हणाले, तर तेच शब्द, विचारलेल्या प्रश्नासह, तारीख-वेळ घालून लिहावेत; ‘लैंगिक छळाची तक्रार’ एवढ्यावर भागवू नये. मुलाच्या तोंडी उत्तर घालणारे प्रश्न टाळावेत. बहुतेक पीडित मुलांच्या जननेंद्रियांवर जखम आढळत नाही, म्हणून ‘तपासणी सामान्य; अत्याचार नाकारता येत नाही’ असा अभिप्राय द्यावा. हा उत्तरार्ध गाळला गेला, तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. दोन बोटांची चाचणी तर पूर्णतः वर्ज्य आहे. घटनेला ९६ तास झाले नसतील तर स्वॅब घ्यावेत, कपडे धुऊ देऊ नयेत.

मारहाणीची चिन्हे वेगळी असतात. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावरचा वळ, कानावरची किंवा मानेवरची जखम, सांगितलेल्या हकिगतीशी न जुळणारे फ्रॅक्चर यांकडे कानाडोळा करू नये. मात्र वळाच्या रंगावरून त्याचे वय ठरवणे विश्वासार्ह नाही. घरातच धोका असल्यास मुलाला परत पाठवण्यापूर्वी १०९८ वर आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवावे.